हिरव्या पट्टीचा हेर

हेराचं काम करायला माणूस काही मिळेना. केतकी बिवलकरने नटांची निवड करण्यात उभी हयात घालवली होती, पण असे हाल कधी झाले नव्हते. वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या छापखान्याच्या शेडमध्ये तिचं ऑफिस होतं. तिच्या समोरच्या खुर्चीत शेकडो नट बसून गेले. देखणे होते, धिप्पाड होते, एक तर चक्क सैन्यातून निवृत्त होऊन आलेला होता. पण खोटं बोलायची वेळ आली की एकजात सगळ्यांची पट्टी पिवळी पडायची, आणि काचेपलीकडे बसलेली दिग्दर्शिका अन्वी कपाळाला हात लावायची.

या पट्टीची गोष्ट आधी सांगायला हवी. हृदयाचा ठोका पडतो तेव्हा चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक बारीक लाट येते आणि कातडीचा रंग जरासा बदलतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. लांबून नाडी मोजायला डॉक्टर ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत होते. पुढे दोघा संशोधकांच्या लक्षात आलं, की खोटं बोलताना माणसाला दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात. खरी गोष्ट दाबून धरायची आणि खोटी पुढे करायची. या ओढाताणीत कपाळावरच्या रक्ताची आणि नाकाच्या शेंड्यावरच्या रक्ताची लय एकमेकींपासून सुटते. एका ठोक्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीच, पण सुटते. ते मोजणाऱ्या यंत्रणेला त्यांनी नाव दिलं ‘नितळ’.

कोर्टांनी नितळला दारातूनच परत पाठवलं. टीव्ही बनवणाऱ्यांनी मात्र तिला घरात घेतलं. पडद्याच्या खालच्या कडेला एक बोटभर पट्टी आली. बोलणाऱ्याच्या मनात तेच असेल तर हिरवी, नसेल तर पिवळी. झालं! पुढाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जाड मेकअप थापला की पट्टी काहीच दाखवत नाही, हे कळल्यावर सगळे पुढारी दशावतारातल्या राजासारखे रंगून भाषणं द्यायला लागले. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीकडचे ‘जरा इकडे उजेडात बसता का’ म्हणायला लागले. व्हिडिओ कॉल करण्याआधी ‘पट्टी बंद केलीय हं’ असं सांगायची रीतच पडली, दारात चपला काढाव्यात तशी.

सगळ्यात जास्त नटांचा बाजार उठला. नायिका ओक्साबोक्शी रडतेय आणि खाली पट्टी पिवळीधमक. घराघरांत लोक हसून लोळायला लागले. मोठमोठी नावं घरी बसली. मेकअप केला तर ‘लपवतोय’ म्हणून प्रेक्षक चॅनल बदलायचे. मग ज्यांच्या रक्तात भूमिका उतरते अशी माणसं शोधायचं काम सुरू झालं, आणि केतकीसारख्यांना लेखकांच्या खोलीतही खुर्ची मिळाली. लिहितानाच विचारायचं, हे वाक्य खरोखर वाटून म्हणू शकेल असं कुणी आहे का?

हेरकथा तर पार संपल्या होत्या. जो हेर पहिल्या भागातच सगळ्या घरांत उघडा पडतो त्याला पुढे कोण बघणार? अन्वी खरातने नेमका तोच पेच उचलला. ती लिहायची आणि दिग्दर्शनही करायची. तिशीची होती, हट्टी होती आणि झोप कमी घ्यायची.

“ताई, लोकांना वाटतं ना आपल्याला आता कुणी फसवूच शकत नाही?” ती केतकीला म्हणाली होती. “माझा हेर परक्या देशात घड्याळं दुरुस्त करत राहतो. तिथल्याच एका बाईशी लग्न करतो. तो तिच्याशी खोटं बोलेल आणि पट्टी हिरवीच राहील. मग बघणाऱ्याला कळेल त्या बाईला काय वाटत असेल ते.”

सहाव्या भागात मालिकेचा सगळा जीव होता. हेराला परत बोलावणं येतं. बायकोला खरं सांगितलं तर तिलाही मारतील. चार दिवसांत येतो म्हणालं, तर ती शोधत निघेल आणि पकडली जाईल. तेव्हा तिने शोधूच नये असं काहीतरी तिला सांगायचं. हे वाक्य काही केल्या अन्वीला सापडत नव्हतं. लेखकांच्या खोलीत सगळे डोकेफोड करत होते. कुणी म्हणे, दुसरी बाई आहे असं सांग. कुणी म्हणे, भांडण उकर.

एका दुपारी केतकी सहज बोलल्यासारखी बोलून गेली. “तू समोर असलीस ना, की मला दुसरीकडे कुठेतरी असावंसं वाटतं.”

अन्वीने लॅपटॉप पुढे ओढला आणि ते टिपून घेतलं. “ताई, कुठून आणलंत हे?”

“सुचलं,” केतकी म्हणाली. त्या खोलीत नितळ नव्हती हे बरं झालं.

वाक्य सुचलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी सांगलीच्या एसटी स्टँडवर श्रीरंग घोलपने ते तिला ऐकवलं होतं. दोघं एकाच नाट्यसंस्थेत होते. तालमी, स्पर्धा, विश्रामबागच्या टपरीवरचा चहा आणि लग्नाच्या गोष्टी, असं सगळं व्यवस्थित चाललेलं. मग केतकीला मुंबईत एका मोठ्या निर्मात्याकडे काम मिळालं आणि त्याच महिन्यात श्रीरंगच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. बॅग घेऊन निघाल्यावर वाटेतच तिने मुंबईला नाही म्हणायचं ठरवलं होतं. स्टँडवर ती तेच सांगायला गेली होती. त्याने तिला बोलूच दिलं नाही. आधी ते वाक्य म्हणाला, मग तिची बॅग उचलून त्यानेच गाडीत ठेवली.

तेव्हापासून एकच प्रश्न तिच्या जिवाला चिकटून बसला होता. तिला पाठवून द्यावं म्हणून तो खोटं बोलला, की खरंच तिला कंटाळला होता? मैत्रिणी म्हणायच्या, खोटंच असणार, तुझ्या भल्यासाठी. केतकीला ते मानायला फार आवडायचं. पण तो सांगलीतला सगळ्यात चांगला नट होता, त्यामुळे नक्की काही सांगता येत नव्हतं. तिचं लग्न राहून गेलं. चांगली स्थळं आली, एक-दोघे तर मनापासून आवडलेही होते, पण प्रत्येक वेळी ती आतून कुणाची तरी वाट बघत असायची. नितळ आल्यावर तिने जुने व्हिडिओ काढून लावून बघितले होते. नाटकांत मेकअप, आणि टपरीवरचा एकुलता एक व्हिडिओ इतका धुरकट की यंत्राने चेहराच मानला नाही.

हेर मिळेना तेव्हा जुनेदने डोकं चालवलं. जुनेद मुल्ला नितळ चालवणारा तंत्रज्ञ, डोक्यावरचे केस विरळ झालेला, कमी बोलणारा. त्याने लोकांनी इंटरनेटवर टाकलेले व्हिडिओ यंत्राला चाळायला लावले. एकच माणूस दोन उलट गोष्टी बोलतोय आणि दोन्ही वेळी हिरवा राहतोय, असं काही दिसलं तर दाखव म्हणाला. यंत्राने एकच व्हिडिओ काढून दिला. कुठल्याशा शाळेच्या कट्ट्यावर एक माणूस मुलांना अभिनय शिकवत होता. आधी तो कैऱ्या चोरलेला मुलगा झाला, मग न चोरताच मार खाल्लेला मुलगा झाला. पट्टी दोन्ही वेळा हिरवीगार राहिली.

“हाच!” अन्वी खुर्चीतून उठलीच. “ताई, कोण आहे हा? शोधा याला.”

शोधायची गरजच नव्हती. केस पांढरे झाले होते, पण मान तिरकी करून ऐकायची लकब तीच होती. नाही मिळाला असं सांगता आलं असतं. तिने सांगलीला निरोप पाठवायला ऑफिसला सांगितलं आणि निवडचाचणीच्या प्रसंगांची पानंही पाठवायला लावली, म्हणजे त्याला ते वाक्य आधी वाचायला मिळेल. वाचून आला नाही, तर तेही एक उत्तरच होईल असं तिला वाटलं.

तो आला. धुवट निळा शर्ट घातलेला, खांद्याला कापडी पिशवी.

“काय गं, ओळखलंस का?”

“चेहरा बघूनच बोलावलंय,” केतकी म्हणाली.

“मला वाटलं, वाक्य वाचून ओळखतो का ते बघायला बोलावलंयस.”

केतकीने कागद सरळ केले. मधे टेबल होतं आणि त्याच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा. काचेपलीकडे अन्वी आणि जुनेद. पट्टी दिसणारा पडदाही पलीकडेच, कारण नटासमोर बसून वाचणाऱ्याने पट्टी बघायची नाही असा नियमच होता. बघितलं की नट तिचा रंग त्याच्या डोळ्यांत वाचतो.

सुरुवातीला मापं घेतात. शिंप्याकडे कपडा टाकण्याआधी घेतात तशीच. साधे प्रश्न विचारायचे, पहिल्या फेरीत खरं सांगायचं आणि दुसऱ्या फेरीत मुद्दाम खोटं. त्यावरून यंत्राला त्या माणसाचं रक्त कसं चालतं ते कळतं.

“नाव?”

“श्रीरंग घोलप.”

“राहायला?”

“सांगली. त्याच घरात.”

“घरी कोण कोण?”

“मीच. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. एक मांजर आहे, पण ती शेजाऱ्यांची.”

“लग्न?”

“नाही.”

केतकीने खाली बघूनच पान उलटलं. दुसऱ्या फेरीत त्याने आपलं नाव सदानंद सांगितलं, घर लंडनात सांगितलं आणि लग्नं दोन झाली म्हणाला. काचेवर टकटक झाली. माप बसल्याची खूण होती ती. म्हणजे साध्या माणसासारखं खोटं बोलताना श्रीरंग चांगला पिवळा पडत होता.

मग प्रसंग सुरू झाला. समोरच्या पात्राची वाक्यं केतकी वाचायची. क्यू देणाऱ्याने अभिनय करायचा नाही, म्हणजे नटाला फुकटची मदत होत नाही, अशी या कामातली जुनी पद्धत. केतकीचा क्यू तर इतका कोरडा असायचा की नवे लोक त्याला स्टेशनवरची घोषणा म्हणायचे.

“चहा परत गार झाला तुझा,” केतकीने वाचलं. “हल्ली कुठे असतोस?”

श्रीरंगने मान तिरकी केली. मग अगदी हळू, जणू तिला दुखणार याचंच त्याला वाईट वाटतंय अशा आवाजात म्हणाला, “तू समोर असलीस ना, की मला दुसरीकडे कुठेतरी असावंसं वाटतं.”

तोच आवाज होता. केतकीला गाड्यांचा धूर आठवला आणि हातातून सुटलेली बॅग आठवली. तिचं पुढचं वाक्य होतं ‘कधीपासून?’ ते तिला समोर छापलेलं दिसत होतं, पण तोंडातून निघेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा केतकी बिवलकरचा क्यू चुकला. अखेर तिने ते वाचलं, आणि प्रसंग पुढे सरकला. नंतर लग्नाच्या रात्रीचा प्रसंग झाला. त्यात हेर बायकोला सांगतो, तुला सोडून मी कुठेही जाणार नाही. तेही श्रीरंग तितक्याच हळू म्हणाला.

संपल्यावर केतकी उठून काचेपलीकडे गेली. अन्वी नाचायचीच बाकी होती.

“ताई, सगळं हिरवं! सोडून जातानाही हिरवं, जाणार नाही म्हणतानाही हिरवं! आणि तुम्ही मधे जे थांबलात ना, तसंच ठेवणार मी नटीला. चॅनलला फोन करते, हेर सापडला!” ती फोन घेऊन बाहेर पळाली.

केतकी रेकॉर्डिंगकडे बघत राहिली. पडद्यावर श्रीरंगचा चेहरा होता आणि खाली हिरवी पट्टी. दुसरीकडे कुठेतरी असावंसं वाटतं, हिरवी. कुठेही जाणार नाही, हिरवी. म्हणजे तिला जे हवं होतं ते यात नव्हतंच. ती मनातून इतकी खचली की खुर्चीवर बसूनच घेतलं तिने.

“असं कसं होतं हो, जुनेदभाई?”

“यंत्र खरं-खोटं कुठे बघतं?” जुनेद म्हणाला. “ओढाताण बघतं. याच्या आत त्या वेळी दाबून ठेवायला दुसरं काही राहतच नाही. भूमिकेत गेला की तो तेवढाच उरतो. पण तसा साधा बोलताना पिवळा पडतो की. मापं बघितली ना?”

केतकीच्या मनात आलं ते तिला स्वतःलाच आवडलं नाही. भूमिकेत नसलेल्या श्रीरंगला साधा प्रश्न विचारायचा. माप बसलेलं आहे, कॅमेरा चालू आहे. इतकी वर्षं जे कळलं नाही ते एका वाक्यात कळेल.

“मला त्याला एक प्रश्न विचारायचाय,” ती म्हणाली. “पडदा माझ्याकडे वळवता येईल?”

जुनेदने तिच्याकडे नीट बघितलं. काही न विचारता त्याने छोटा पडदा आत नेऊन टेबलावर तिच्या बाजूने ठेवला, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद केलं आणि चहाला जातो म्हणून निघून गेला.

श्रीरंग पाणी पीत होता. केतकी समोर येऊन बसली. तिच्या कोपराशी पट्टी हिरवट उजळत होती.

“पास झालो का?”

“काम तुझंच आहे. अन्वी चॅनलशी बोलतेय. एक विचारायचं होतं.”

“स्टँडचं.”

“हो.”

त्याने टेबलावरच्या पडद्याच्या पाठीकडे बघितलं. “केतकी, तो बघत विचारणार असशील तर मी भूमिकेत शिरून सांगेन. मग तुला काहीही हिरवंच दिसेल. न बघता विचारलंस तर मी सांगेन.”

“आणि न बघता तू खोटं बोललास तर?”

“तर फसशील. पूर्वी माणसं फसायचीच की.”

केतकीने पडद्याकडे बघितलं. तिला ती पट्टी फार हवी होती. एवढी हवी होती की तिचा हात पडद्याच्या कडेवर नुसता टेकून राहिला. मग तिने तो बंद केला, उठून कॅमेऱ्याची वायरही काढली आणि परत येऊन बसली.

“खोटं बोलला होतास?”

“तुला जायला लावायचं होतं,” श्रीरंग म्हणाला. “ते तू ओळखलंच असशील. पण तू मला ओळखत होतीस, साधं खोटं तुला लगेच कळलं असतं. म्हणून मी तालीम केली. नदीवर जाऊन, घाटाच्या पायऱ्यांवर बसून. तुझ्यात मला काय काय आवडत नाही ते शोधून काढलं. जेवताना बोलतेस, भांडताना गप्प बसतेस, माझं नाटक संपल्यावर आधी चुका सांगतेस. घासत राहिलो. स्टँडवर आलो तोपर्यंत ते खरं झालं होतं. तिथे तू समोर उभी होतीस आणि मला खरंच दुसरीकडे कुठेतरी असावंसं वाटत होतं. त्या वेळी हे यंत्र असतं तर हिरवंच दिसलं असतं.”

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दोनच उत्तरांची तयारी केली होती, आणि हे त्यातलं कुठलंच नव्हतं.

“मग?”

“गाडी गेली. मला वाटलं, आता भूमिका उतरेल. पण तिथे पडदा पाडायला कुणी नव्हतं ना. वडिलांचं करत होतो आणि तू आठवलीस की आधी चीडच यायची. ती जायला काही वर्षं लागली. ती गेली, तेव्हा तुझं नाव मालिकांवर झळकत होतं. कुठल्या तोंडाने फोन करणार होतो?”

बाहेरून अन्वीचा आनंदाने चढलेला आवाज ऐकू येत होता.

“काम मी नाही घेणार,” तो म्हणाला. “बाकी सगळं करेन, पण ते वाक्य नाही. आज एकदा म्हटलं ते तुला नकार देववला नाही म्हणून. मालिकेत दहादा तालीम करून ते परत खरं करायचं, माझ्यात ताकद नाही तेवढी.”

“त्या वाक्यावर मालिका उभी आहे. अन्वी ते सोडायची नाही.”

“मग दुसरा माणूस बघा.”

दुसरा माणूस नव्हता. हे केतकीइतकं कुणालाच माहीत नव्हतं. चॅनलने नकार दिला तर अन्वीचं दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं आणि केतकीचं नावही. त्याला पटवता आलं असतं. माणसं पटवण्यातच तर तिचं आयुष्य गेलं होतं.

“मी अन्वीला सांगते,” ती म्हणाली. “ते वाक्य मी तिला दिलं होतं. माझं होतं, आता मी परत घेतलंय. तिने नवं शोधावं. चिडेल, आठवडाभर बोलणार नाही, पण लिहील.”

श्रीरंगने मान तिरकी करून तिच्याकडे बघितलं. केतकीला पुढचं विचारायची भीती वाटत होती. वीस वर्षांपूर्वीचं उत्तर तिला मिळालं होतं, आणि ते मिळाल्यावर कळलं की तिला ते नकोच होतं, हवं होतं ते आजचं.

“आणि आता?” तिने विचारलं. “आता मी समोर आहे तर?”

तो काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. ग्लास उचलला, रिकामा आहे हे बघून खाली ठेवला. सांगलीतला सगळ्यात चांगला नट तिच्यासमोर नवख्यासारखा अडला होता, कान लाल झाले होते आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

“थांब जरा,” तो म्हणाला. “आत्ताची तालीम केलेली नाही मी.”